इमान : काही पुस्तकांच्या निमित्ताने

सातवीच्या वर्गात पानिपतचा धडा चालू होता. फळ्यावर दोन बाजू मांडल्या होत्या. एकीकडे सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, मल्हारराव होळकर, इब्राहिमखान गारदी. दुसरीकडे अहमदशहा अब्दाली, नजीबखान रोहिला, शुजाउद्दौला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अब्दाली बी मुसलमान, इब्राहिमखान बी मुसलमान. तो ये इधर कैसे?" वर्ग हसला. हसणे ओसरते न ओसरते तोच दुसऱ्याने विचारले, "सर, वो अपना था क्या?"

या 'अपना'चा अर्थ काय, हे त्या पोराला उलट विचारण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. घंटा झाली आणि आम्ही सुटलो.

आम्ही म्हणजे एका उर्दू माध्यमाच्या शाळेतले चार शिक्षक. एक इतिहासाचा, एक गणिताचा, दोघे भाषांचे. शिक्षकखोलीत चहा घेताना त्या प्रश्नाची गोष्ट निघाली आणि कोणालाच नीट उत्तर देता येईना. बी.एड. करताना इतिहास कसा शिकवावा याची टाचणे आम्ही पुष्कळ काढली होती. इतिहास वाचला मात्र थोडाच होता. तेव्हापासून गेले दीड-दोन वर्ष आम्ही ठरवून एकाच प्रकारची पुस्तके वाचत आलो: लढाया, शिपाई, हेर, हरकारे. काही जुन्या बाजारातून मिळाली, काही वाचनालयातून, काही मुंबई-पुण्याला जाणाऱ्याकडून मागवली. मराठी, उर्दू आणि अडखळत इंग्रजी. त्यातली जी इतरांनीही वाचावीत असे वाटले, त्यांच्याबद्दल येथे लिहीत आहोत.

आधी एका शब्दाबद्दल सांगितले पाहिजे. मराठीत 'इमान' म्हटले की धन्याशी एकनिष्ठ असलेला नोकर डोळ्यांपुढे येतो. खाल्ल्या मिठाला जागणारा तो इमानी. आमच्या मुलांना 'ईमान' म्हटले की अल्लाहवरची श्रद्धा कळते. शब्द एकच, अरबीतून आलेला, पण एका भाषेत त्याचा संबंध माणसाशी आणि दुसरीत ईश्वराशी. आमचा विद्यार्थी शाळेत एक अर्थ शिकतो आणि शाळेबाहेर बाजारात दुसरा ऐकतो. तो मोठा झाल्यावर त्याला कधी ना कधी कोणीतरी विचारणारच, की तुझे इमान कोठे? ही पुस्तके वाचताना आम्ही नकळत एकच गोष्ट शोधत होतो. जुन्या काळी ज्यांना हा प्रश्न समोरासमोर विचारला गेला, त्यांनी काय उत्तर दिले?

सुरुवात अर्थातच पानिपतपासून केली. विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी (१९८८) आमच्यापैकी तिघांनी कॉलेजातच वाचलेली होती. त्र्यं. शं. शेजवलकरांचे 'पानिपत १७६१' मात्र आता वाचले. कादंबरीनंतर हे पुस्तक कोरडे वाटेल अशी भीती होती. ती खोटी ठरली. शेजवलकर पत्रे, तारखा आणि भूगोल घेऊन बसतात आणि भाऊसाहेबाला लागलेले दोष एकेक करून तपासतात. त्यांची मते ठाम आहेत, सगळीच पटतील असे नाही. पण विद्यार्थ्याला 'लढाई का हरली' हा एका वाक्याचा प्रश्न नाही, हे समजावायला यापेक्षा चांगले मराठी पुस्तक आम्हाला मिळाले नाही.

मग त्यांच्याही मागे गेलो, काशीराजाकडे. काशीराज पंडित हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण. नोकरी लखनौच्या शुजाउद्दौलाकडे, म्हणजे अब्दालीच्या गोटात. लढाईच्या दिवशी तो तेथे हजर होता. सुमारे वीस वर्षांनी त्याने सारी हकीकत फारसीत लिहिली. जेम्स ब्राऊन या इंग्रज अधिकाऱ्याने १७९१ साली तिचे भाषांतर केले. लहानसेच लिखाण आहे, दोन बैठकींत वाचून होते. पण त्याने आमचा फळाच पुसून टाकला. दक्षिणेतला ब्राह्मण अब्दालीच्या मित्राच्या तंबूत बसलेला, दक्षिणेतला मुसलमान भाऊसाहेबाच्या तोफांपाशी उभा, आणि भाऊ तहाच्या खटपटीसाठी चिठ्ठ्या पाठवतो त्या या काशीराजालाच, कारण तो आपल्या मुलखातला! अखेरची चिठ्ठी भाऊने स्वतःच्या हाताने लिहिली होती. काही करता येत असेल तर आत्ता करा, यापुढे लिहिण्याबोलण्याला सवड नाही, असा तिचा आशय. ती पोचली तेव्हा रात्र सरत आली होती, आणि त्याच सुमारास हरकारे खबर घेऊन आले की मराठे छावणीतून बाहेर पडत आहेत.

इब्राहिमखानाबद्दल काशीराज जे लिहितो त्यावर आमच्यात आठवडाभर वाद झाला.

इब्राहिमखान हैदराबादकडे फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला. निजामाची चाकरी सोडून तो पेशव्यांकडे आला. काशीराजाच्या हिशेबाने पानिपतावर त्याच्याकडे दोन हजार स्वार, युरोपी पद्धतीने कवायत शिकलेले नऊ हजार बंदुकवाले आणि चाळीस तोफा होत्या. ही फौज दरमहा रोख पगार घेई. मराठी सरदारांची रीत निराळी होती. जहागीर, मुलूखगिरी, उधारउसनवार यांवर त्यांचे लष्कर चाले. त्यामुळे गारद्यांच्या पगाराचा तगादा छावणीत अनेकांना खुपत असे. आणि १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी, काशीराज सांगतो, इब्राहिमखान घोड्यावरून भाऊसाहेबापाशी आला, मुजरा केला आणि नेमका तोच विषय काढला. माझ्या लोकांच्या दरमहा पगारासाठी मी हट्ट धरतो म्हणून आपण माझ्यावर नाराज होता; या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला आणि आम्हाला काहीच मिळाले नाही; पण ते असो, इतके दिवस घेतलेला पगार फुकट घेतला नव्हता हे आज दाखवून देतो. असे म्हणून त्याने निशाण स्वतःच्या हाती घेतले, गोळीबार थांबवायला लावला आणि सात पलटणी घेऊन संगिनी रोखून तो रोहिल्यांवर चालून गेला. दमाजी गायकवाड त्याच्या मदतीला होता. रोहिल्यांची भयंकर हानी झाली. इब्राहिमखानाच्या सहा पलटणी जवळजवळ संपल्या, आणि तो स्वतः भाल्यांनी व गोळीने जखमी झाला.

मरणाच्या दिवशी सकाळी पगाराची गोष्ट काढणारा वीर आम्ही कोणत्याच पाठ्यपुस्तकात पाहिला नव्हता. पगार वेळेवर न झालेल्या शिक्षकांना तो जवळचा वाटला, हे कबूल केले पाहिजे.

पुढचा भाग जास्त अवघड आहे. लढाईनंतर इब्राहिमखान शुजाउद्दौलाच्या माणसांच्या हाती लागला. शुजा त्याला गुपचूप लखनौला पाठवण्याच्या विचारात होता, पण रोहिल्यांनी अब्दालीपाशी तक्रार केली आणि त्याला हजर करावे लागले. आपल्याकडे प्रचलित असलेली गोष्ट अशी आहे की अब्दालीने त्याला दीनाची आठवण दिली, काफिरांची चाकरी केल्याबद्दल तोबा करायला सांगितले, त्याने बाणेदार उत्तर दिले आणि त्याचे तुकडे तुकडे करण्यात आले. सभांतून, व्याख्यानांतून आम्ही हीच ऐकली होती. आमच्यापैकी एकाने तर वक्तृत्व स्पर्धेत ती सांगून बक्षीसही मिळवले होते.

काशीराज वेगळे सांगतो. शहाने विचारले, तुझ्यासारख्या शूर माणसाची ही दशा कशी? इब्राहिमखान म्हणाला की नशीब कोणाच्या हातात नसते. माझा धनी मारला गेला, मी जखमी आणि कैदी आहे. पण जगलो आणि आपण चाकरीला ठेवले, तर भाऊसाठी जशी सेवा केली तशीच आपलीही करीन. शहाने त्याला आपल्या एका सरदाराच्या ताब्यात दिले. जखमांत विष घालण्याचा हुकूम झाला, आणि सातव्या दिवशी तो मेला.

हे वाचून आमचा गणिताचा सहकारी म्हणाला, "हे वर्गात सांगू नका. पोरांचा हीरो जाईल." उर्दूचा शिक्षक म्हणाला, "सांगा. यात लपवण्यासारखे काय आहे?" आमचेही बरेच दिवस ठरेना. मग पुन्हा पुन्हा वाचताना लक्षात आले की या उत्तरात एकही खोटा शब्द नाही. धनी जिवंत असेपर्यंत, पगार थकलेला असतानाही, त्याने निशाण सोडले नव्हते. धनी गेल्यावर तो शिपाई म्हणून बोलला. आपण भाऊची चाकरी केली याबद्दल माफी मागितली नाही; उलट तीच चाकरी आपल्या लायकीचा दाखला म्हणून अब्दालीच्या तोंडावर सांगितली. प्रचलित गोष्टीतला इब्राहिमखान आम्हाला टाळ्यांसाठी बेतलेला वाटू लागला. काशीराजाचा खान खरा वाटतो, आणि काशीराजाला त्याची भलावण करण्याचे काही कारणही नव्हते.

शेवटी वर्गात सांगितले. दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि कोणती कोणी लिहिली तेही सांगितले. ज्याने 'अपना था क्या' विचारले होते, तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, वो महिने का पगार फिर मिला क्या उन लोगां को?"

'गारदी' या शब्दाचे मराठीत पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. युरोपीय भाषांतल्या 'गार्ड'शी त्याचे नाते सांगतात; 'गारद' हा पहाऱ्याचा शब्द आपण आजही वापरतो. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून गारद्यांनी केला, आणि तेव्हापासून गारदी म्हणजे मारेकरी. पैशासाठी गळा कापणारा. त्या कटाच्या म्होरक्यांची नावे मात्र सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ अशी होती, आणि त्यांना सामील झालेला तुळाजी पवार हा वाड्यातलाच नोकर. पुढे नाटके-कादंबऱ्यांतून 'ध'चा 'मा' गाजला, आणि बारा वर्षांपूर्वी पानिपतावर कापल्या गेलेल्या गारद्यांच्या वाट्याला तोच शब्द आला.

हरकाऱ्यांचा उल्लेख वर आला. हेरगिरीचे पुस्तक म्हटले की लोकांना जेम्स बाँड आठवतो. आम्ही सेतुमाधवराव पगडींची 'मोगल दरबाराची बातमीपत्रे' सुचवू. पगडी निलंग्याकडचे, उर्दू-फारसीवर हुकमत असलेले. भीमसेन सक्सेना, खाफीखान यांच्यासारखे फारसी इतिहासकार त्यांनी मराठीत आणले. औरंगजेबाच्या छावणीतून रोज निघणाऱ्या बातमीपत्रांना 'अखबारात' म्हणत. आम्ही सकाळी वाचतो तो उर्दू 'अखबार' हा त्याच घराण्यातला शब्द, 'खबर'चे अनेकवचन. मोगलांकडे उघड बातम्या लिहिणारा वाकेनवीस होता, त्याच्यावर नजर ठेवायला सवानेहनिगार, दोघांच्या नकळत लिहिणारा खुफियानवीस, आणि तोंडी खबर आणणारा हरकारा. म्हणजे बादशहाचा आपल्या बातमीदारांवरही विश्वास नव्हता. वाचायला ही पत्रे कंटाळवाणी आहेत, हे आधीच सांगतो: कोणाची मनसब वाढली, कोणाचा घोडा मेला, कोणत्या किल्ल्याला मोर्चे लागले. पण पन्नास पाने नेटाने वाचली की छावणी ऐकू येऊ लागते. शिवरायांच्या बहिर्जी नाईकावर कादंबऱ्या पुष्कळ निघाल्या, जुन्या कागदांत मात्र त्याच्या वाट्याला मोजक्या ओळी आहेत. चांगला हेर कागदावर उरतच नसावा.

दुसऱ्याची पत्रे चोरून वाचण्याच्या कामातून एक फार मोलाचे पुस्तक झाले आहे. डेव्हिड ओमिसी यांचे 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर' (१९९९). पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढायला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे ब्रिटिश सेन्सॉर तपासत असे. त्यांतली बरीच उर्दूत होती. निरक्षर शिपाई मजकूर सांगे, लिहिणारा दुसराच असे. सेन्सॉरने आपल्या अहवालांसाठी उतारे इंग्रजीत करून घेतले. मूळ कागद बहुतेक गेले, उतारे उरले. आमच्या भाषेत लिहिलेली आमच्या माणसांची पत्रे आम्ही इंग्रजीतून वाचतो, तीही त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या कृपेने! शिपायांना पत्रे उघडली जातात हे माहीत होते, म्हणून त्यांनी युक्ती काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी, लाल मिरची म्हणजे गोरे सैनिक. काळी मिरी संपत आली आहे, असे कोणी घरी कळवले की समजणाऱ्याने समजावे. अर्थात सेन्सॉरलाही ते समजले होते. याची उलट उर्दू कोणी तरी करावी. निदान मराठीत तरी पन्नास पत्रे यावीत.

ब्रिगेडियर महंमद उस्मान यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे नाव या वार्षिकाच्या वाचकांना नवे नाही. मेजर जनरल व्ही. के. सिंग यांच्या 'लीडरशिप इन द इंडियन आर्मी' (२००५) या पुस्तकात बारा सैनिकांची चरित्रे आहेत. कोल्हापूरकडचे जनरल थोरात त्यात आहेत आणि आझमगड जिल्ह्यातले उस्मानही आहेत. उस्मान बलुच रेजिमेंटचे. फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली, त्यांनाही बोलावणे होते. ते गेले नाहीत. डिसेंबर १९४७ मध्ये झांगड हातचे गेले तेव्हा ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली. फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेरा राखले, मार्चमध्ये झांगड घेतले. ३ जुलै १९४८ रोजी तोफगोळ्याने त्यांचा अंत झाला. वय छत्तीसही पुरे नव्हते. महावीर चक्र मिळाले. दफन दिल्लीला जामिया मिल्लियाच्या कब्रस्तानात झाले. २०२० च्या डिसेंबरात त्यांच्या कबरीची मोडतोड झाल्याची बातमी आली आणि लष्कराने ती दुरुस्त केली.

एका गोष्टीपाशी मात्र आम्ही अडलो. नौशेऱ्यात अनाथ झालेल्या पोरांना गोळा करून उस्मान यांनी बालसेना उभी केली होती. त्यांच्या शिक्षणाची, व्यायामाची सोय केली. आणि लढाईत काही पोरांनी भर गोळीबारात निरोप नेले. पुस्तके हे कौतुकाने सांगतात. आमच्या वर्गात त्याच वयाची पोरे बसतात. आम्हाला ते कौतुकाने वाचता आले नाही.

आता ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. श्राबणी बसू यांचे 'स्पाय प्रिन्सेस' (२००६), नूर इनायत खान हिचे चरित्र.

पानिपतावर इब्राहिमखानाच्या मदतीला दमाजी गायकवाड होता असे वर सांगितले. त्याच गायकवाडांच्या बडोद्यात शेसव्वाशे वर्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष या मोठ्या गवयाने संगीताची शाळा काढली. मौलाबक्षांचा नातू हजरत इनायत खान, वीणावादक आणि सूफी. तो पश्चिमेकडे गेला, एका अमेरिकन मुलीशी त्याने लग्न केले, आणि १९१४ च्या जानेवारीत मॉस्कोत त्यांना पहिली मुलगी झाली, ती नूर. कुटुंब लंडनला आणि मग पॅरिसजवळ सुरेन या गावी राहिले. घराचे नाव फजल मंझिल. नूर तेरा वर्षांची असताना वडील हिंदुस्थानात वारले. त्यांची मजार दिल्लीला निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याजवळ आहे. आई खचली. धाकटी तीन भावंडे नूरने सांभाळली. ती वीणा वाजवी, मुलांसाठी गोष्टी लिही. १९३९ साली तिचे जातककथांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले.

पुढच्या वर्षी जर्मन पॅरिसवर आले. कुटुंब इंग्लंडला निसटले, आणि अहिंसेच्या वातावरणात वाढलेली नूर हवाई दलाच्या महिला विभागात भरती होऊन बिनतारी संदेश शिकू लागली. १९४२ साली अधिकारीपदाच्या मुलाखतीत तिला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल विचारण्यात आले. ते 'चले जाव'चे वर्ष. चतुर उमेदवार काय बोलला असता ते आपल्याला ठाऊक आहे. नूर म्हणाली की जर्मनीशी लढाई चालू आहे तोवर मी ब्रिटिश सरकारशी एकनिष्ठ राहीन. लढाई संपल्यावर मात्र मला फेरविचार करावा लागेल आणि हिंदुस्थानची बाजू घ्यावी लागेल. येथे वाचता वाचता आम्ही थांबलो आणि काशीराज पुन्हा काढला. अब्दालीपुढे उभा असलेला जखमी इब्राहिमखान आणि इंग्रज अधिकाऱ्यांपुढे बसलेली ही अठ्ठावीस वर्षांची मुलगी, दोघांची उत्तरे एकाच घडणीची आहेत. इमान आहे, पण त्याची हद्दही मीच सांगणार.

तिची फाइल ब्रिटिश अभिलेखागारात २००३ साली खुली झाली. बसूंच्या पुस्तकाची ताकद त्या कागदांत आहे. गुप्त संघटनेच्या एका प्रशिक्षकाने शेरा मारला होता की मेहनती आहे, पण अकलेचा फार भार नाही, स्वभाव अस्थिर, प्रत्यक्ष कामाला कितपत योग्य याची शंकाच. वरिष्ठ बकमास्टर यांनी तो शेरा उडवून लावला. दरवर्षी प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना हे पान बराच वेळ उलटवले नाही. प्रशिक्षकांची आणखी एक अडचण होती: या मुलीला खोटे बोलता येत नाही.

१६ जून १९४३ च्या रात्री लहान विमानाने ती फ्रान्समध्ये उतरली. बिनतारी यंत्र चालवण्यासाठी फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री. दहाएक दिवसांतच पॅरिसची सारी साखळी पकडली गेली. लंडनने परत बोलावले. दुसरे कोणी यंत्र चालवणारे येईपर्यंत हलणार नाही, असे तिने कळवले. त्या काळी पॅरिसमध्ये अशा माणसाचे आयुष्य सहा आठवड्यांचे धरत. पेटीतले जड यंत्र घेऊन, केस रंगवून, रोज घर बदलत ती जवळजवळ चार महिने टिकली. ऑक्टोबरात फितुरी झाली आणि ती सापडली.

तिच्या जवळच्या वहीत तिने पाठवलेले सगळे संदेश लिहून ठेवलेले होते! इतकी मोठी चूक का झाली? तिला मिळालेल्या हुकमात संदेशांच्या 'फायलिंग'ची काळजी घे असे होते. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ वार्ताहर म्हणतात तसा, 'पाठवणे'. तिने तो शब्दशः घेतला, जपून ठेवणे, असा इतिहासकारांचा कयास आहे. दोन भाषांत वावरणाऱ्याला एका शब्दाचा दुसरा अर्थ काय किंमत मागू शकतो! जर्मनांनी तिचे यंत्र वापरून तिच्या नावाने लंडनशी बोलणे चालू ठेवले आणि लंडनने धोक्याच्या खुणा दिसत असूनही विश्वास ठेवला. १९४४ च्या फेब्रुवारीअखेर त्या खोट्या संदेशांवर विसंबून उतरवलेली माणसे सरळ जर्मनांच्या हाती पडली. त्यांत मॅडलीन दामरमाँ नावाची एक स्त्री होती.

नूरला पूजणाऱ्या लेखांत हा भाग बहुधा गाळतात. बसूंनी तो गाळलेला नाही, हे या पुस्तकाचे मोठेपण. त्यांच्याआधी, १९५२ साली, नूरची मैत्रीण जीन ओव्हरटन फुलर हिने 'मॅडलीन' हे चरित्र लिहिले होते. हेच नूरचे गुप्त नाव. ते प्रेमाने लिहिलेले आहे, पण तेव्हा सरकारी कागद बंद होते.

कैदेत तिने दोनदा पळण्याचा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा छतावरून. पकडल्यावर जर्मनांनी, पुन्हा पळणार नाही असे वचन मागितले. एका सहकैद्याने ते दिले. नूरने दिले नाही. शब्द द्यायचा आणि मग मोडायचा, हे तिच्याकडून झाले नसते असे आम्हाला वाटते. मग तिला जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात पाठवले. तेथे दहा महिने एकांतकोठडी, हातापायांत साखळ्या. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला आणि आणखी तिघींना गोळ्या घातल्या. त्या तिघींत मॅडलीन दामरमाँ होती. १९४९ साली ब्रिटिशांनी नूरला जॉर्ज क्रॉस दिला. २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा उभा राहिला, त्यामागे बसूंचीच खटपट होती.

तिच्या जातककथांतली पहिली गोष्ट वानरराजाची आहे. आपल्या ऐंशी हजार वानरांना नदीपार नेण्यासाठी तो स्वतःच्या देहाचा पूल करतो. ती आम्ही उर्दूत उतरवून पाचवीच्या वर्गात सांगितली. मुलींना फार आवडली, दोघी-तिघींनी चित्रेही काढली. लिहिणाऱ्या बाईंचे नाव फळ्यावर लिहिले, बडोद्याच्या संगीतशाळेची माहिती दिली. एकीने विचारले, "फिर उन्होंने और कहानियाँ लिखीं क्या?" लढाई सुरू झाली, राहून गेले, एवढेच सांगितले. बाकीचे ती सातवीत येईल तेव्हा.